न सोडलेला सा

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्या बेटावरच्या कांप दे मास्क गावातल्या देवळातली बाजाची पेटी निकामी झाली. दमट हवेने आतल्या पितळी पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला. त्याला स्वतःचा आवाज नव्हता. तारेने जोडलेल्या वेगळ्या डब्यातून स्वर उमटत.

त्याच सुमारास माझ्या आत्याचा गळा उतरला. गणेशचतुर्थीला पुरुषांचे भजन झाले की पुढचे ती म्हणत असे. आता तिचा सा तीन पट्ट्या खाली गेला होता, आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या माझ्या काकांना, म्हणजे तिच्या भावाला, पांढरी एक या पट्टीखेरीज दुसऱ्या पट्टीतून वाजवता येत नसे. त्या वर्षी मागे बसून टाळ धरायचे तिने ठरवले. कोणी आग्रह केला की क्रिओल मिसळून म्हणे, “ले ली, राहू दे.”

मी तेव्हा बो बासें शहरात राहून वर्तमानपत्रात काम करत होतो. घरी एक छोटा संगणक होता. कीबोर्डावरून डब्याकडे दोनच निरोप जातात, कळ दाबली आणि कळ सोडली, हे एका मासिकात वाचले होते. निरोप वाटेत संगणकाने अडवून प्रत्येक स्वर तीनने उतरवला, तर काकांना बोटे बदलावी लागणार नव्हती. मी तसा प्रोग्रॅम लिहिला. घरी तो नीट चालला.

देवळात तालमीला पुरुषांचे भजन मूळ पट्टीत झाले. मी उतार चालू केला आणि डबा ओरडू लागला. जुना सा थांबेना आणि त्यावर नवे स्वर चढले. डब्याची वीज बंद करूनच तो गप्प झाला. तार बदलली, संगणक बदलून पाहिला, तेच झाले. घरी मात्र चूक सापडत नव्हती.

पुढच्या तालमीला मी पडद्याकडे पाहायचे सोडून काकांच्या हाताकडे पाहिले. भजन संपले तरी त्यांचे एक बोट ‘सा’वरच होते. दोन भजनांच्या मध्ये सूर तुटू द्यायचा नाही, ही त्यांची सवय. उतार चालू झाल्यावर ते बोट उचलले की ‘सोडली’ हा निरोप तीन पट्ट्या खालच्या स्वराला जाई. जो वाजत होता तो तसाच राही. घरी मी प्रत्येक वेळी हात उचलत होतो.

बोट क्षणभर उचलाल का, असे मी काकांना विचारले.

“सुराला असा उघडा टाकून जाऊ काय?” ते म्हणाले.

“भाऊ मेला तरी बोट नाय उचलणार,” आत्या टाळ पुसत म्हणाली. “तुझी मशीनच बदल, बाबा.”

मी प्रोग्रॅम पुन्हा लिहायला घेतला. कोणती कळ दाबलेली आहे आणि तिच्यासाठी कोणता स्वर पाठवला, हे आता तो लक्षात ठेवणार होता. पट्टी बदलली की वाजणारा स्वर थांबवून त्याच कळीचा नवा स्वर लगेच लावणार होता. दोनदा त्याने सगळेच बंद पाडले. तिसऱ्या वेळी, मी एक कळ दाबून धरली असताना, स्वर उतरला.

चतुर्थीला पुरुषांचे भजन संपले. काकांचे बोट ‘सा’वर होते. मी उतार चालू केला. सा न तुटता खाली आला. काकांनी बोटाकडे पाहिले, पण ते हलवले नाही. आत्याने थोडा वेळ ऐकले, टाळ शेजारणीच्या हातात दिले आणि पुढे येऊन बसली.