उत्तमचा कोरडा डबा

“आरं इष्णूऽ! भरून न्हाई तर अर्धा आण! अर्धा बी बास हाय!”

उत्तम वरून ओरडत होता. मी बारवेच्या शेवटच्या पायरीवर, हातात त्याचा जर्मनचा रिकामा डबा. जुन्या बारवेत आवाज कसा घुमतो, ठाऊक असेलच तुम्हाला — एकदा ओरडलं की दगड तीनदा परत करतात. बास हाय... बास हाय... हाय...

इथं जरा थांबतो. कारण ह्यापुढचं मी एक माणूस सोडला तर कुणापाशी तोंडाबाहेर काढलेलं नाही. बायकोपाशी नाही, देवापाशी नाही. आणि मी काही मुका माणूस नव्हे! पाथरीपासून पालमपर्यंत कुणालाही विचारा — इष्णू बोलायला लागला की कंडक्टर घंटी मारायचा विसरतो.

त्या सायकलच्या शर्यतीची गोष्ट तर मी हजार वेळा सांगितली असेल. सात कोस खडी, एकेक दगड नारळाएवढा, आणि माझी सायकल अशी पळतेय की मागं धुरळ्याऐवजी ठिणग्या! शिंदीच्या बनातून गेलो तेव्हा झाडावर शिंदी उतरवणारा गडी मला बघून खाली पडला — मडक्यासकट — आणि मडक्यातला थेंब सांडला नाही. पुढं बिबट्या आडवा आला. त्यानं बाजू दिली. लोक हसतात, चहा सांगतात. ह्या गोष्टीत उत्तम कुठं असतो? सुरुवातीला असतो. शिंदीच्या बनापासून तो नसतो. आणि आजवर कुणी विचारलं नाही, बाबा, दुसरा गडी कुठं गेला?

तर तो कुठं गेला ते सांगायला बसलोय.

बहात्तरचा दुष्काळ. ऊन असं, की कावळे पायी हिंडायचे. — बरं, कावळ्यांचं सोडा. ऊन होतं. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं, आणि तीच खडी पाथरीच्या रस्त्यावर अंथरत होतं. मुरूम पडायचा बाकी, रूळ फिरायचा बाकी. नुसती धारेची, निसटती खडी. मीही कामावर होतो. पण माझ्या घरी पेवात जोंधळा होता. उत्तमच्या घरी नव्हता. तो गावाबाहेरच्या बौद्धवाड्यातला, माझ्याच वर्गातला. मॅट्रिक झालेला — मी नापास — आणि तरी मायच्या शेजारी बसून हातोडी चालवायचा. मायच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असत. रोज नव्या.

कामावरच्या साहेबाला सायकलवर कागद नेणारा माणूस हवा होता. रोजची हजेरी पाथरीच्या कचेरीत पोचवायची, संध्याकाळी निरोप घेऊन यायचं. बस, एवढंच. पण ज्याला ते काम मिळेल त्याची हातोडी सुटणार होती. अर्ज दोघांचे. साहेब मजेशीर माणूस. म्हणाला, “उद्या मी पाथरीच्या कचेरीत असनार. दोघंबी सायकलवर निघा. जो आधी पोचंल त्यो माझा टपालवाला. दुसऱ्यानं आपली खडी फोडावी.”

उत्तमनं वाड्यातल्या गुरुजींची सायकल मागून आणली. सायकल म्हातारी, पण चालवणारा! खरं सांगू? — आणि आज खरंच सांगायचं ठरवलंय — तो माझ्या पुढं होता. बारवेच्या गावापर्यंत मी त्याची पाठच बघत होतो. घामानं भिजलेली, लहान लहान होत जाणारी पाठ. त्या गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं मला अजून चहा पाजतात.

गावाच्या तोंडाशी तो थांबलेला दिसला. मागचं चाक बसलं होतं. त्याच्याच मायनं फोडलेली खडी असेल, काय सांगावं?

सामान होतं त्याच्याजवळ. घासकागद, रबराची ठिगळं, सोल्युशन, पंप — सगळं. फक्त भोक सापडत नव्हतं. ट्यूबमध्ये हवा भरून कानाला लावून बघितली, गालाला लावून बघितली. पण त्या दिवशीच्या झळांत गालाला काय कळणार? थुंकी लावून बघावं तर तोंडात थुंकी नव्हती. भोक शोधायचं तर ट्यूब पाण्यात बुडवायला हवी. बुडबुडे आले की झालं — पाच मिनिटांचं काम.

आणि बारव समोर होती. शेपन्नास पावलांवर. वरच्या पारावर गावातले चार म्हातारे बसलेले.

उत्तमनं तिथं उतरायचं नाही, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. मलाही नाही. कायदा होऊन किती वर्षं झाली होती. कचेरीत पाटी होती, बारवेला नव्हती. त्यानं डब्यातल्या भाकरी फडक्यात बांधल्या, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “इष्णू, तू पुढं जाशील, ठावं हाय मला. पर येवढं आणून दे अन् मंग जा.”

मी म्हणालो, “आणतो की.”

तेव्हा मनापासून म्हणालो होतो का? देवाशपथ, मला आठवत नाही. पायऱ्या उतरताना मी आणणारच होतो, असं वाटतं. पण तसं वाटायचंच.

इथं मला एक राखणदार उभा करायचा फार मोह होतो. काठीवाला, लाल डोळ्यांचा. ‘डबा कुणाचा हाय रं?’ म्हणून दरडावणारा. मला असा माणूस चुटकीसरशी उभा करता येतो — बिबट्या केला, त्याला काय! मनातल्या मनात मी त्याला पुष्कळदा उभा केलाय. पण नव्हता. बारवेत मी, एक कबुतर, आणि तळाशी पाणी. गुडघाभर. हिरवट, गार.

मी वाकलो आणि तोंडच घातलं. गुरासारखा प्यालो. वरून उत्तम ओरडत होता — अर्धा बी बास हाय. मी पीत होतो आणि ऐकत होतो. दोन्ही एकदम करता येतं.

मग मी बाहीनं हनुवटी पुसली. डबा पाण्याला लावला नाही. जरासुद्धा. तेवढी काळजी घेतली, आणि चाळीस पायऱ्या चढून वर आलो.

“ठणठणीत कोरडी हाय,” म्हणालो.

उत्तमनं डबा घेतला. आत बघितलं. माझ्याकडं बघितलं. माझ्या मिशा तेव्हा अशा होत्या की दोन्ही टोकांवर एकेक लिंबू बसावं! मग त्यानं खाली बसून ट्यूब पुन्हा गालाला लावली.

मी सायकलवर टांग टाकली. बनात कुणी झाडावरून पडलं नाही. बिबट्या तर नाहीच नाही.

दुपारी मी कचेरीत हजेरीचा कागद दिला. उत्तम दिवे लागायच्या वेळी आला, सायकल हातात धरून. साहेब हसला, “पंक्चर काय सगळ्यांचंच व्हतंय!” उत्तमनं बारवेचं काही सांगितलं नाही. मी त्याच्या तोंडाकडं बघत उभा होतो. कधी सांगतो म्हणून. नाही सांगितलं.

पाऊस पडेपर्यंत मी रोज त्या खडीवरून गेलो. दोघं मायलेक कडेला बसलेली असत. माय हातोडी थांबवून ओरडायची, “सांभाळून जाय रं बाबा, खडी निसटती हाय!” पुढं त्याच कामावरून मी कचेरीत चिकटलो, कायम झालो. उत्तम मायला घेऊन परभणीला गेला.

सहा वर्षांनी परभणीत स्टेशनाकडच्या रस्त्यावर माझ्या सायकलची हवा गेली. समोर पंक्चरचं दुकान. दुकानात उत्तम. पुढं लोखंडी घमेलं, काठोकाठ पाण्यानं भरलेलं. बाकड्यावर ओळखीचे दोघंतिघं होते. “इष्णूभाऊ, ती शर्यत सांगा की!” आणि मी — काय सांगू तुम्हाला — मी सांगितली. तिथं, त्याच्यासमोर. ठिणग्या, शिंदी, बिबट्या, सगळी. तो मान खाली घालून ट्यूब हातभर हातभर पाण्यातून पुढं सरकवत होता.

ती माणसं हसत उठून गेली. घमेल्यात बुडबुडे आले. त्यानं तिथं बोट ठेवलं.

मी म्हणालो, “उत्तम, त्या दिवशी बारवेत पानी व्हतं.”

“ठावं हाय,” तो म्हणाला. “तुझी मिशी वली व्हती.”