नानांचं पेरूज

"बठ्ठं वाचं का?" म्हणजे सगळं वाचलं का. कुणीही कागद पुढे केला, की नानांचा पहिला प्रश्न हाच. मग कपाळावरचा चष्मा नाकावर येई आणि उजव्या हाताचं बोट पहिल्या ओळीखाली जाऊन बसे. नाना सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. अमळनेरच्या आमच्या गल्लीत इंग्रजी कागद आला, की तो आधी त्यांच्याकडे जायचा.

'पेरूज' हा त्यांचा लाडका शब्द. इंग्रजी कागदांच्या तळाशी तो तुम्हीही पाहिला असेल. वरील मजकूर मी पेरूज केला आहे, आणि खाली सही. "साहेब लोक पेरूज लिहायचे आणि फाईल उघडायचेही नाहीत," नाना सांगत. "रीड म्हणजे वाचणं. पेरूज म्हणजे शेवटचा शब्द येईपर्यंत जागचं न हलणं."

एकदा मी त्यांच्या मोबाइलवर वीजबिलाचं अ‍ॅप घालून देत होते. 'अटी मान्य आहेत' असं बटण आलं. मी ते दाबणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला. दोन दिवस ते अटी वाचत बसले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मला मान्य नाहीत." बिल भरायला ते रांगेतच उभे राहत. गल्ली हसली. मी मात्र फार हसले नाही. माझ्या नोकरीच्या करारातली, मूळ गुणपत्रिका कंपनीकडे ठेवायची अट नानांनीच शोधून काढली होती.

मागच्या वर्षी धुळ्याला त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. त्यांच्या पत्नीसोबत, म्हणजे आमच्या काकूंसोबत, मीही गेले. संमतीपत्र आलं, तेही इंग्रजीत. नानांचा चष्मा काढून काकूंकडे दिलेला, आणि काकू औषधं आणायला खाली गेलेल्या.

"तू वाच," नाना म्हणाले.

मी आकडे म्हणत एकेक मुद्दा मराठीत सांगू लागले. सातव्यात लिहिलं होतं, की रुग्ण दगावू शकतो. माझी जीभ रेटेना. मी सरळ आठव्यावर गेले.

"सातवा राही गया ना, बेटा."

मी वाचला. मग नानांनी सही केली. तेवढ्यात काकू आल्या.

"त्याम्हा काय लिखेल शे?"

"काही नही," नाना म्हणाले. "नाव, गाव, वय."

काकूंसमोरच मी चारही पानं गोळा करून नर्सकडे दिली.

ऑपरेशनमधून नाना परत आले नाहीत. काकूंना आधी कळलं असतं तर त्या नानांशी दोन शब्द बोलल्या असत्या, ही टोचणी मला महिनाभर लागून राहिली. शेवटी एका दुपारी जाऊन मी त्यांना सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

काकू गहू निवडत होत्या.

"माले तवयच समजनं," त्या म्हणाल्या. "चार पानं, आनि नाना म्हने नाव, गाव, वय. इतलं थोडं त्यास्नी कधी वाचं होतं का?"