परत डब्यात टाकलेली चिठ्ठी

डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आईची भिशी इतकी वर्षं चालली की ती सुरू कशी झाली हे आता कुणालाच आठवत नाही. बारा जणी होत्या. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकीने आपले पैसे आईच्या खात्यात पाठवायचे आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये जमायचं. आई चहाच्या जुन्या स्टीलच्या डब्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकायची, डबा हलवायची आणि एक चिठ्ठी काढायची. जिचं नाव निघेल तिला सगळी रक्कम. मग ती चिठ्ठी आई सगळ्यांदेखत फाडून टाकायची. म्हणजे तिचं नाव नव्या वर्षापर्यंत बाद. शेवटच्या महिन्यात डब्यात एकच चिठ्ठी उरायची, तीसुद्धा आई तितक्याच गंभीरपणे हलवून काढायची. मला हसू यायचं आणि ती डोळे वटारायची. "पद्धत म्हणजे पद्धत," म्हणायची.

ही बाई नोकरीभर सरकारी कचेरीत हिशेब बघत होती. निवृत्त झाल्यावरही दुधाच्या बिलात तिला खाडाखोड चालत नसे. ती मोबाईलवर जुगार खेळेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

बाबा गेल्यावर तिला दुपार खायला उठायची. मी ठाण्याला माजिवड्याला राहते, नोकरी करते, रोज जाणं होत नाही. ती फोनवर फुकटची रमी खेळायला लागली आणि मला बरंच वाटलं, चला, वेळ जातोय. रमीत एक जाहिरात आली, जाहिरातीतून एक लिंक, आणि लिंकमधून ते चाक. आकडे लिहिलेलं गोल चाक, त्यावर पळणारी पांढरी गोळी, आणि शेजारी उभी राहून सारखी हसणारी एक मुलगी. पहिल्याच आठवड्यात आई जिंकली. पैसे खरोखर बँकेत आले. तिने बिल्डिंगमध्ये पेढे वाटले आणि एफडी सुटली म्हणून सांगितलं. त्या लोकांनी तिच्या हातात दिलेले पैसे तेवढेच. ते पहिल्यांदा देतातच, हे मला पुढे कळलं.

पुढे ती हरत गेली. पण हरण्याचं तिला काही वाटत नव्हतं, कारण तिच्या डोक्यात भिशी होती. अमुक आकडा बरेच दिवस आला नाही म्हणजे त्याची पाळी जवळ आली, असा तिचा सरळ हिशेब. भिशीत कुणाची पाळी चुकल्याचं तिने कधी पाहिलंच नव्हतं. सतरा आकडा राहिला होता, म्हणून ती सतरावर लावत बसली.

आता पोळ्यांच्या ताईंबद्दल. त्या आमच्या बिल्डिंगमधल्या चार घरी पोळ्या करायच्या, राहायला दिवा स्टेशनजवळ. तिथे टँकर आला तर पाणी, नाहीतर कळशी घेऊन वणवण. भिशीतल्या बारा जणींत त्याही होत्या. वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांनी आईला सांगून ठेवलं होतं, "काकू, माझी चिठ्ठी शेवटालाच ठेवा. मधी पैसे आले तर घरात उडून जातील." बाकीच्यांना काय, शेवटचा नंबर कुणालाच नको असतो. ताईंनी डोंबिवलीतल्या जुन्या गावठाणात एक खोली बघून ठेवली होती. चाळ तिथल्याच एका जमीनवाल्या कुटुंबाची. खोलीत नळ, आणि नळाला रोज पाणी. पाणी खरंच येतं का हे त्या दोनदा जाऊन, नळ सोडून बघून आल्या होत्या. शनिवारी भिशी, रविवारी सकाळी मालकाच्या हातात डिपॉझिट, असं ठरलं होतं.

त्या शनिवारी सकाळी आईचा फोन आला. "आज जरा लवकर येशील का?" आवाज नेहमीचाच होता. मी पोचले तर ती टेबलाशी फोन समोर ठेवून बसली होती.

"हे बघ, पैसे आहेत," तिने स्क्रीन दाखवला. "सतरा एकदा लागला. फक्त निघत नाहीयेत."

स्क्रीनवर भलीमोठी रक्कम होती. हळूहळू एकेक बाहेर आलं. त्यांनी बोनस दिला होता, आणि तो बोनस कितीतरी पट खेळून झाल्याशिवाय जिंकलेले पैसे काढता येत नाहीत. खेळायला आणखी पैसे भरायचे. भरायला दर वेळी नवीन नंबर, नवीन माणसाचं नाव. आधी पेन्शनमधले साठवलेले गेले, मग एफडी मोडली. आणि या आठवड्यात भिशीचे पैसे आले, तेही भरले.

"भिशीचे?"

"शनिवारच्या आत मोकळे होतील असं म्हणाले होते गं ते."

मी त्यांच्या चॅटवर लिहिलं. उत्तर आलं, डिअर मॅडम, थोडा धीरज रखिए. मी शिव्या लिहिल्या, तरी तेच उत्तर आलं. आईवर राग, त्या हसणाऱ्या मुलीवर राग, आणि संध्याकाळी ताई येणार होत्या.

"अजून थोडे भरले असते तर झालं असतं," आई म्हणाली. "आता तेवीस राहिलाय. तो येणारच."

मी उठून तिचा डबा आणला. कागद फाडून बाराही जणींच्या चिठ्ठ्या केल्या, डबा हलवला, एक काढली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू निघाल्या. ती चिठ्ठी घडी करून मी परत डब्यात टाकली.

"अगं, ती परत का टाकलीस?"

"बघ तू." मी काढत गेले, टाकत गेले. थोड्याच वेळात पुन्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू निघाल्या. ताईंची चिठ्ठी काही निघाली नाही. "ते असं खेळतात, आई. प्रत्येक वेळी सगळ्या चिठ्ठ्या परत आत."

"मग जिची राहिलीये तिचं काय?"

"काही नाही. कुणाची राहिलीये हे डब्याला ठाऊक नसतं."

तिने डबा आपल्याकडे ओढून आतल्या चिठ्ठ्या मोजल्या. "ही तर लबाडी झाली," ती म्हणाली.

"हा नियम आहे. लबाडी पैसे काढताना आहे."

दुपारभर मी नवऱ्याला, मैत्रिणीला, ऑफिसातल्या एकीला फोन करत होते. निम्म्याच्या आसपास पैसे जमले.

संध्याकाळी सगळ्या आल्या. ताई साडी बदलून आल्या होत्या, केसांत गजरा होता. आईने एकच चिठ्ठी डब्यात टाकली, हलवली, काढली आणि नाव वाचलं. टाळ्या वाजल्या. त्या थांबेपर्यंत आई चिठ्ठी हातात धरून उभी राहिली, मग म्हणाली, "पैसे नाहीत. मी घालवले. मोबाईलवर खेळले."

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अहो, बँकेपेक्षा तुमच्यावर विश्वास होता." बाकीच्या ताईंकडे बघायला लागल्या. मी ताईंना जमलेले पैसे पाठवले, उरलेले पुढच्या महिन्यात देते म्हणाले. त्यांनी फोन बघितला, मग आईकडे बघितलं.

"उद्या सकाळपर्यंत नाय होणार का, काकू?"

आईने मान हलवली.

"उद्या सकाळपर्यंत?" त्यांनी पुन्हा विचारलं, पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नसेल अशा आशेने.

मालक थांबला नाही. का थांबेल, नळ असलेल्या खोलीला माणसं रांगेत असतात. मी उरलेले पैसे दिले तोवर तिथे दुसरं कुटुंब राहायला आलं होतं. ताई अजून दिव्यालाच आहेत. आमच्याकडच्या पोळ्या त्यांनी सोडल्या, बाकीच्या तीन घरी येतात. आमच्या दारावरून जाताना त्या पदर खांद्यावर ओढून घेतात आणि सरळ पुढे बघतात. भिशी तिसऱ्या मजल्यावर गेली. शनिवारी जिन्यात चपला दिसतात, टाळ्या ऐकू येतात. आईला बोलावणं नसतं.

आईच्या फोनमधून मी ते सगळं काढून टाकलं. साधा, बटणांचा फोन घेऊन दिला. पेन्शनचं खातं माझ्या हातात घेतलं. तिने एका शब्दानेही विरोध केला नाही, आणि मला वाटलं, सुटलो.

परवा रविवारी आम्ही दोघी टेबलाशी मटार सोलत होतो. ती अगदी शांत होती, बऱ्याच दिवसांनी चेहऱ्यावर जरा तकाकी होती.

"तुझं ते मला पटलं हं," ती म्हणाली. "चिठ्ठी परत डब्यात जाते. मी उगाच राहिलेल्या आकड्यांच्या मागे लागले होते."

"हो ना?" मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले.

"म्हणजे ज्याला एकदा लागली त्याला पुन्हा लागू शकते," ती म्हणाली. "मला लागली होती ना गं एकदा."

तिचे हात शेंगा सोलत होते. मी टेबलावरचा माझा फोन उचलला आणि पर्समध्ये टाकला.