क्लिनरच्या जागेवर फोन

आमच्या घरात वाचता येणारी मी एकटीच. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करता करता ट्रकवर क्लिनर झाले आणि क्लिनरचे ड्रायव्हर. आई पिंपळगाव राजाकडच्या शेतांत कापूस वेचायला जायची. बाबा गाडीवर गेले की भाजी बंद. ते येईपर्यंत भाकर आणि पाणी घालून वाढवलेला ठेचा. माझी पुस्तकं दुसऱ्यांची नावं खोडलेली. त्यातून मी नांदुऱ्यात राहून बी.कॉम. झाले. आमच्या खानदानातली पहिली पदवी माझी, हे मी कुणालाही मान वर करून सांगते.

पदवी हातात आली त्याच वर्षी मालकाने गाडीवरचा क्लिनर काढला. बाबांना सही येते, वाचता येत नाही. पाट्या वाचणं, रस्ता विचारणं हे क्लिनरचं काम. शिवाय तोवर बाबा सुरतेकडेच जायचे, तो रस्ता पाठ. आता मालकाला दक्षिणेचं काम मिळालं होतं, कापसाच्या गाठी थेट कोइमतूरच्या सूतगिरणीत.

"क्लिनर कायले पाह्यजे आता? मोबाइल सांगते न रस्ता," मालक म्हणाले. "जमत असंल तर सांगा, नाई तर चावी द्या. दुसरा ड्रायव्हर तयार आहे."

"जमते शेठ," बाबा म्हणाले. "पोरगी ग्रॅज्युएट आहे माही."

झालं. चावी राहते की जाते, ते आता माझ्यावर होतं.

सगळ्यांच्या फोनमध्ये असतो तो नकाशा आधी लावून पाहिला. रिकामी गाडी, मी क्लिनरच्या जागेवर. त्या नकाशाला ट्रक आणि मोटारसायकल सारखीच. पिंपळगाव राजाच्या वाटेवर त्याने जवळचा रस्ता म्हणून आम्हाला एका वस्तीत घातलं. गल्ली बारीक होत होत टिनाच्या छपराला आरसा लागला. ओट्यावर बसलेली म्हातारी उठलीसुद्धा नाही.

"काऊन बे ड्रायव्हर, घरातच घालतं का ट्रक? च्या मांडू मंग?"

"नकाशानं आणलं, आजी," मी म्हटलं.

"मंग त्यालेच सांग मांग घ्याले."

अख्खी गल्ली हसली. बाबांनी गाडी तशीच मागे मागे घेत बाहेर काढली.

दुसरं ॲप खास ट्रकवाल्यांचं. गाडीची उंची, वजन, चाकं, सगळं विचारायचं, पण इंग्रजीत. ते मी भरलं. बोलायचं हिंदीत. बाबांना हिंदी येते. पण स्टेअरिंगवर त्यांच्या हाताला उजवं-डावं कळत नाही, ड्रायव्हर साइड आणि क्लिनर साइड कळते. आयुष्यभर तेच ऐकलेलं. जिनिंगच्या आवारात मी त्यांना गोल गोल फिरवलं. फोन "बाएँ" म्हणायचा, बाबा क्षणभर थांबायचे, मग वळायचे. तेवढ्या क्षणात हायवेवरचा फाटा निघून जातो. मी सगळ्या सेटिंग्ज उघडून पाहिल्या. क्लिनर साइड कुठंच नव्हती.

तिसरं ॲप मराठी बोलायचं. टाइप करायची गरज नाही, माइक दाबून गाव सांगायचं. मला वाटलं, सुटलो. मी दाबलं. फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "कुठे जायचे आहे?"

आई चुलीपासून ताडकन उठली. "बंद कर थे! निंगत्या मानसाले कुठी चालला म्हनून इच्यारते का कोनी?"

आमच्या घरी नवस नाही, शकुन नाही. आम्ही रविवारी विहारात जाणारी माणसं. मी तसं बोलले.

"शकुन नाई, रीत आहे," आई म्हणाली. "मी आजवर नाई इच्यारलं. तुही मशीन रोज इच्यारनार?"

मी बाबांकडे पाहिलं. ते बुटाची नाडी बांधत होते. "जाऊन येतो, इतकंच म्हनतो मी," ते म्हणाले. "गाव नाई सांगत." त्या माणसाने फोनसमोर तोंड उघडलं नाही. मी पुष्कळ समजावलं.

शेवटी दुसरं, ट्रकवाल्यांचंच ॲप ठेवलं, कारण त्यात घरून माझ्या फोनवरून त्यांच्या फोनला ठिकाण पाठवता यायचं. बाएँ म्हणजे क्लिनर साइड, एवढं बाबांकडून घोकून घेतलं. गाठी भरल्या. बाबा "जाऊन येतो" म्हणाले. गाडी वळणापलीकडे गेल्यावरच मी कोइमतूर पाठवलं. मग माझ्या हातात, फोनवर, बाबांच्या गाडीचा एक निळा ठिपका उरला.

ठिपका विजापूर ओलांडून गेला, कर्नाटकात खाली खाली सरकत राहिला. आईला मी दाखवत राहिले. तमिळनाडूत शिरल्यावर, भर दुपारी, तो थांबला. जेवत असतील म्हटलं. जेवण उरकायला लागतो त्याहून कितीतरी वेळ गेला. फोन लावला तर बंद. मालकाचा फोन आला, "गाडी कुठी आहे?" मी म्हटलं, येईल फोन. स्क्रीन मोठी करून पाहिली. आसपासच्या गावांची तमिळ लिपीतली नावं वाचताही येईनात. तिथल्या पाट्यांपुढे मीही अंगठाबहाद्दरच. आई विचारत होती, "काय झालं व? तुले तं समजते न यातलं?"

मला काहीच समजत नव्हतं. अपघात, चोरी, पोलीस, मनात सगळं येऊन गेलं, आणि करण्यासारखं एकच होतं, परत परत तोच नंबर लावणं.

उन्हं कलल्यावर बाबांचा फोन आला.

"काचेपाशी लावला होता न, तापला अन् बंद पडला," ते म्हणाले. "म्या गाडी बाजूले घेतली. झाडाखाली बसून राह्यलो."

"कोणाला विचारायचं ना बाबा!"

"कोनाले इच्यारू, माय? त्याईचं बोलनं मले समजेना, माहं त्याईले. फोन सावलीत ठेवला, त्याच्याकडं पाहत बसलो. आता सुरू झाला. बाई बोलून राह्यली. जातो."

ठिपका हलला. मी तो आईला दाखवला नाही, आधी मालकाला फोन केला. आवाज जमेल तितका ग्रॅज्युएटचा ठेवला.

दुसऱ्या दिवशी गाठी गिरणीत उतरल्या. परतीचा माल भरून बाबा नांदुऱ्याला आले. मालकाने चावी मागितली नाही. बाबा आज क्लिनरशिवाय दक्षिणेची गाडी चालवतात, आणि त्यांच्या प्रत्येक फेरीचं ठिकाण मी घरून पाठवते.