कुठला टाका?

शिंप्याच्या दुकानात संध्याकाळी झाडलोट केली तरी सकाळी मशीनखाली चिंध्या असतातच. आमच्या दुकानातल्या गोष्टींचंही तसंच. एक सांगून संपवावी, तर पायाशी दुसरी दिसते. आता नातू इंटरव्ह्यूला निघाला, की मला त्या हटकून आठवतात.

निजामाच्या अमलात धाराशिवच्या बाजारात करीमउस्तादांचं दुकान होतं. शेरवानी शिवावी तर त्यांनीच. तिथं कामाला राहायचं, तर उस्ताद आधी एक गळा आणि एक काज करून घेत. मग सगळ्या कारागिरांसमोर त्यातल्या चुका मोठ्यानं सांगत. नंतर ते शिवलेलं ज्याचं त्यानंच उसवायचं. तेही कात्रीनं नाही, सुईनं, दोरा न तोडता.

*

मी तेर गावाहून आलो तेव्हा उस्तादांनी माझा गळा हातात धरून विचारलं, "हा माणसाचा गळा हाय का बैलाचा?"

सगळे हसले. मी मुळातच सावकाश बोलणारा. मी नुसता बघतच राहिलो.

"अरे, बोल की!"

"बघतोय उस्ताद," मी म्हणालो. "बैलाचाच वाटतोय."

"बस इथं," म्हणाले. त्या 'इथं'वर माझी पुढची कितीतरी वर्षं गेली.

*

जळकोटचा मल्लप्पा घरात कानडी बोलायचा. उस्तादांनी कुठलीही चूक काढली, की मान डोलवून म्हणायचा, "हौदु, हौदु." म्हणजे होय, होय.

हा ऐकतोय तरी का, अशी उस्तादांना शंका आली. म्हणाले, "आणि हा खिसा उलटा लावलास!"

"हौदु!"

"अरे, खिसा हाय कुठं ह्याला?"

मल्लप्पानं कापड उलटसुलट करून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "तेच तर चुकलं, उस्ताद!"

त्याला ठेवून घेतलं. पण इस्त्रीवर!

*

एका गिऱ्हाइकाला कचेरीत कारकून व्हायचं होतं. मुलाखतीला नवी शेरवानी घालून गेला आणि तणतणत परत आला.

"उस्ताद, तुमच्या घट्ट गळ्यानं माझी नोकरी घालवली!"

"साहेब काय म्हणाले?"

"अर्जात चुका हायत म्हणाले. मी म्हणालो, चुका न्हाईत, तुम्ही नीट वाचला न्हाय."

उस्तादांनी गळा सैल करून दिला. पुढच्या खेपेला तो पेढे घेऊन आला.

"आता काय म्हणालात साहेबांना?"

"चुकलो म्हणालो. गळा सैल होता, दोष द्यायला दुसरं कारणच सुचंना!"

*

भूमचा दिगंबर मात्र वेगळा. असा सफाईदार हात मी पुन्हा पाहिला नाही. उस्तादांनी त्याचं काज उजेडात धरलं आणि म्हणाले, "एक टाका सैल हाय."

दिगंबर ताडकन उठला. "एका टाक्यानं शेरवानी गळून पडती व्हय?" आणि पायात वहाणा सरकवून चालता झाला.

उस्ताद त्या दिवशी जेवले नाहीत. ते काज त्यांनी खुंटीला अडकवून ठेवलं. कधीमधी आम्हाला दाखवायचे. "बघा रे. असं मला जमत न्हाय."

"मग परत बोलावून घ्या की त्याला," मी एकदा म्हणालो.

"कसा बोलवू? कुठला टाका, ते त्यानं विचारलंच न्हाय."

*

पुढं निजाम गेला. शेरवानीही मागं पडली. मल्लप्पा गावी शेतीला लागला, आमचं दुकान बंद झालं. उस्तादांचे डोळे अधू झाले होते. काम मिळालं नाही, तर गाव सोडून लेकीकडं हैदराबादला जावं लागणार होतं. "इथंच जन्म गेला रे," एवढंच म्हणायचे.

दिगंबरचं दुकान आता वेशीजवळ होतं. शर्ट आणि कोट शिवायचा, हाताखाली कारागीर होते. एके सकाळी उस्ताद मला घेऊन त्याच्या दारात उभे राहिले.

दिगंबर गादीवरून उठला. "या उस्ताद. इथं बसा."

"बसायला न्हाय, कामाला आलोय. आधी काज बघ माझं."

"तुमची परीक्षा म्या घेऊ व्हय?"

"दुकान तुझं हाय. रीत मोडू नको."

उस्ताद खाली बसले. कापड डोळ्यांजवळ धरून काज करू लागले. मशिनी थांबल्या होत्या. कारागीर माना खाली घालून बसले होते, मीही. काज झालं. दिगंबरनं ते घेऊन दाराशी नेलं, उजेडात धरलं. मग वळला आणि अगदी हळू म्हणाला,

"उस्ताद, एक टाका सैल हाय."

उस्तादांनी चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि हात पुढं केला.

"कुठला?"

दिगंबर त्यांच्याजवळ खाली जमिनीवर बसला. त्यानं टाक्यावर बोट ठेवलं. उस्तादांनी सुईनं हळूहळू सगळा दोरा काढला. कुठं तुटला नाही.

दिगंबरनं तोच दोरा घेतला, सुईत ओवला आणि सुई त्यांच्या हातात दिली.