फळीपलीकडे वाचलेला अर्ज

सुगंधा धुरीच्या कानात गेलेली गोष्ट पुन्हा बाहेर आली, असं कट्टा गावच्या बाजारात कधी घडलं नव्हतं. आधी मालवणात कचेरीच्या पडवीत बसून तिनं दहा-बारा वर्षं टाइपरायटर बडवला, मग कट्ट्याला एसटी थांब्यासमोर गाळा घेतला. वारसाचे दाखले, पोटगीचे अर्ज, भावाभावांची भांडणं, सगळं तिच्या बोटांखालून गेलं. कोणी खोदून विचारायला आलाच, तर ती चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "चाय घेतंस? नाय तर वाट धर."

तिचे नियमही तसेच कडक. कॉम्प्युटरच्या पडद्याची पाठ रस्त्याकडे. गिऱ्हाईक बाकावर शेजारी, आणि बोलायचं ते कानात. गिऱ्हाईक मालवणीत रडायचं, सुगंधा ते कचेरीच्या मराठीत उतरवायची. नाव-गाव मात्र अगदी शेवटी टाइप व्हायचं. मध्येच कोण डोकावला तरी बिननावाचा कागद कोणाचाच नसतो, असं तिचं म्हणणं. या नियमांचा तिला भारी गर्व होता आणि तो ती लपवतही नसे.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत तिनं बिनतारी कीबोर्ड आणि माऊस घेतला, तोही याच पायी. कॉम्प्युटर दाराजवळ, कारण विजेचं बटण तिथंच. आणि तारेचा कीबोर्ड म्हटलं की तिलाही दारातच बसावं लागे. तिला गिऱ्हाइकाला घेऊन मागच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसायचं होतं, कीबोर्ड मांडीवर घेऊन. कुडाळच्या दुकानात तिनं चार सेट पारखले. एकाच्या कळा खडखडत होत्या, तो बाद. एकाचा माऊस मुठीत मावेना. तिसऱ्यावरची अक्षरं आताच पुसट, वर्षभरानं काय राहणार? चौथ्याच्या कळा मऊ होत्या. तो मांडीवर घेऊन ती टाइप करत करत मागे सरकत पार दुकानाच्या पायरीपर्यंत गेली, तरी अक्षरं बिनचूक उमटत होती.

"बाई, शेजारी असाच दुसरा सेट असेल, तर कॉम्प्युटरला जोडायच्या या छोट्या डबीवरचं बटण दाबून चॅनल बदलायचा," दुकानदार म्हणाला.

"माज्या शेजाराक झेरॉक्सचां मशीन आसा, आणि काय नाय," म्हणून तिनं पिशवी उचलली.

झेरॉक्सवाला मंगेश तिच्याच हाताखाली टायपिंग शिकलेला. त्याच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं तिनंच घालून दिलेली. दोन गाळ्यांच्या मध्ये फक्त फळ्यांची भिंत. सुगंधाताईचा थाट बघून महिन्याभरात त्यानंही तस्साच सेट आणला. "ताय, तुमचाच बघून घेतलंय," असं तो म्हणाला, तेव्हा ती खूश झाली. डबीवरच्या बटणाची गोष्ट तिच्या डोक्यातून साफ गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिच्या पडद्यावरचा बाण आपोआप सरकायला लागला. तिनं माऊस उलटा करून पुसला, सेल काढून परत घातले आणि सगळा दोष उन्हाळ्याच्या माथी मारला.

अकराच्या सुमारास शेवंती आली. मालवणच्या बंदरावरून टोपली घेऊन कट्ट्याला मासळी विकायला येणारी, तिशीतली बाई. रिकामी टोपली पायाशी ठेवून ती कोपऱ्यातल्या बाकावर टेकली आणि सुगंधाच्या कानाशी लागली. "ताय, पोलिसांत अर्ज देवचो आसा. घोवावर, बाबलीवर. मालवणात सगळे बाबलीचे वळखीचे, म्हणान हंय इलंय. अर्ज पोचच्या आधी त्येका कळलां, तर तो माका जिती ठेवचो नाय."

"हंयसून भायर जावचां नाय," सुगंधा म्हणाली. हे वाक्य तिनं शेकडो बायकांना सांगितलं होतं आणि शेकडो वेळा खरं करून दाखवलं होतं. तिनं कीबोर्ड मांडीवर ओढला. शेवंती कुजबुजत गेली, सुगंधा टाइप करत गेली: 'माझा नवरा दारू न पिताही मारतो. गेल्या सोमवारी त्याने तापलेली पळी माझ्या हातावर ठेवली.'

तेवढ्यात फळीपलीकडून एक खणखणीत म्हातारा आवाज आला. "'माझा नवरा... दारू न पिताही... मारतो.' मंगेशा, माज्या नातीच्या पत्रिकेत ह्यां काय रे छापलंस?"

शेवंतीचं तोंड पांढरं पडलं. आवाज चौके गावच्या नानांचा होता. नातीची लग्नपत्रिका करायला आलेले नाना चष्मा सावरून एकेक शब्द वाचत होते. "'तापलेली पळी... माझ्या हातावर...' अरे देवा!"

"नाना, मी हात लावलंय नाय!" मंगेश ओरडत होता. "हे बघा हात! आपसूक उमटता तां!"

बसची वाट बघणारी माणसं त्याच्या गाळ्यात शिरली. गावच्या राखणदार देवाच्या मानपानात काहीतरी चुकलं असणार, आधी नारळ ठेवा, असं कोणीतरी म्हणालं. एकजण म्हणाला, मशीनच बंद कर. इकडे सुगंधाला कुडाळच्या दुकानदाराची ती डबी आठवली, चॅनल तसाच राहून आपल्या कळा मंगेशच्या पडद्यावर उमटताहेत हे कळलं आणि कोणीतरी थोबाडीत द्यावी तसं झालं. गुपित राखायला म्हणून पारखून आणलेली वस्तू, आणि तिनंच भर बाजारात दवंडी पिटली होती! तेही या बाईची, आजच्या दिवशी. एक नाव तेवढं टाइप व्हायचं राहिलं होतं. ती कीबोर्डाचे सेल काढायला धडपडली, पण त्यांचं झाकण नखाला सापडेना.

पलीकडे नानांनी सगळ्यांना दटावलं. "गप रवा! देवचार नाय नि भूत नाय. ह्यां कोणाचां तरी गाऱ्हाणां आसा." मग ते पडद्याशीच बोलले, देवळात बोलावं तसे हळू. "बाये, तू कोण गो? खंयची? सांग. आमी हंय आठ-धा माणसां उभी आसंव."

झाकण निघालं. सुगंधा सेल उपसणार, तोच शेवंतीनं तिचं मनगट धरलं.

"थांब, ताय. माजां नाव घाल."

"खुळी काय गो तू? बाबलीक कळात! जीव घेतलो तुजो."

"तो घेताच आसा, रोज थोडो थोडो." शेवंती आता कुजबुजत नव्हती. "नऊ वर्षां झाली. आयेक सांगलंय, सोस म्हणाली. सासयेक सांगलंय, हसली. 'तू कोण गो' म्हणान आज पयल्यांदा कोणी इचारल्यान. घाल नाव."

फळीपलीकडून आवाज आला तेव्हा बसला नव्हता, असा धक्का सुगंधाला आता बसला. वीस वर्षं तिनं बायकांचं रडणं कानात घेतलं होतं आणि कुलूप लावून ठेवलं होतं. त्यातल्या कितीजणी अर्ज न देताच, कागद पदराला बांधून परत घरी गेल्या, हे तिला ठाऊक होतं. तिच्या तोंडाच्या कुलपानं राखण केली ती कोणाची? मारणाऱ्यांची. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिनं झाकण परत बसवलं. पहिल्यांदा बोट चुकलं, वीस वर्षांत न चुकणारं. तिनं ते अक्षर खोडलं आणि पुन्हा टाइप केलं. नाव, नवऱ्याचं नाव, बंदर.

पलीकडे नाना वाचायला लागले आणि अर्ध्यातच थांबले.

"शेवंती?" नाना म्हणाले. "आमची मासळेवाली? अरे, तासाभरापूर्वी तिच्याकडसून बांगडे घेतलंय रे मी. हाताक फडको बांधललो तिच्या. मी भाव करीत रवलंय. काय झालां म्हणान इचारूक नाय."

चपला वाजल्या. दारात नाना उभे राहिले, मागे मंगेश आणि आणखी चार-पाच माणसं. नानांना शेवंतीच्या तोंडाकडे बघवेना. "ऊठ, चेडवा," ते रिकाम्या टोपलीकडे बघत म्हणाले. "ठाण्यात आमी येतंव तुज्यावांगडा."

सुगंधानं अर्ज छापून घेतला, शेवंतीची सही घेतली. डाव्या हाताचं फडकं शेवंती पदराखाली ओढत होती. ते फडकं सुगंधानं मघाशीच, ती आत आली तेव्हाच पाहिलं होतं. बस म्हणाली होती, सांग म्हणाली होती, कानात सांग म्हणाली होती.

ती शेवंतीच्या पायाशी खाली बसली. "हात दाखय गो," ती म्हणाली.