बीपच्या आधी पळणारी वनिता

धुळ्यात मी मुलींना फुटबॉल शिकवतो. आमच्या टीमचे गोल मोजायला एक हात पुरतो, किस्स्यांना मात्र वही लागेल!

*

मैदानाची देखभाल करणारे नाना आमचे टाइमकीपरही. एकदा मी सहा स्प्रिंट लावल्या. दोन स्प्रिंटच्या मध्ये फक्त वीस सेकंद विश्रांती, ती नानांनी मोजायची. सहावी स्प्रिंट पहिलीइतकीच वेगात! मी हरखलो. काय स्टॅमिना वाढलाय पोरींचा!

शेवटी शंका आली. "नाना, वीसच मोजले ना?"

"वीसच! पण लेकी दमल्या व्हत्या ना सर, म्हणून जरा हळूहळू मोजले."

*

मग आली बीप टेस्ट. वीस मीटरवर दोन रेषा. स्पीकरवर बीप वाजायच्या आत समोरची रेषा गाठायची, बीप वाजली की मगच परत फिरायचं. दर लेव्हलला बीप घाई करत जातात.

आमची गोलकीपर प्राची तिसऱ्याच लेव्हलला मटकन खाली बसली. आईनं "आज परीक्षा आहे, उपाशी जाऊ नको" म्हणून भरीत-पुरी पोटभर खाऊ घातली होती.

"सर, मी तयार आहे," ती म्हणाली, "पण भरीत ऐकत नाहीये!"

*

वनिता साक्रीच्या पलीकडच्या पाड्यावरची. पळायला वारं, पण बीपसाठी थांबेल तर शपथ! रेषा गाठली की लगेच परत. सहाव्या लेव्हलला दम संपायचा. अशी दोनदा जिल्ह्याच्या संघातली निवड हुकली.

मी चिडलो. "अगं, एवढी घाई कसली?"

"सर, आमच्याकडे एकच बस. आधी पोचलं नाही तर गेली!"

यंदा निवड झाली तर ठीक, नाहीतर फुटबॉल बंद, असं घरून बजावलं होतं. मला रात्रंदिवस तोच घोर. महिनाभर नाना रेषेवर उभे राहून तिला ओरडायचे, "थांब माय, थांब!"

*

निवडीचा दिवस. आठवी लेव्हल पार केली तरच जिल्ह्याच्या संघात जागा. वनिता शहाण्यासारखी प्रत्येक बीपला थांबत होती. सातवी लेव्हल सुरू झाली आणि स्पीकरची बॅटरी संपली!

बाकीच्या पोरी थांबल्या. वनिता पळतच राहिली.

जळगावहून आलेल्या निवड समितीच्या मॅडम ओरडल्या, "अगं थांब, स्पीकर बंद पडलाय!"

वळता वळता ती म्हणाली, "मॅडम, डबा थकेल शे. मी नही!"

"डबा दमलाय म्हणे!" मॅडम हसल्या. मोबाइलवर वेळ लावून स्वतःच शिट्टी फुंकू लागल्या. सातवी झाली. आठवी झाली! माझ्या डोळ्यांत पाणी. नाना तर टाळ्या पिटत नाचायलाच लागले.

नवव्या लेव्हलला वनितानं मैदानावरच्या घड्याळाकडे पाहिलं, रेषा सोडली, बाकावरची पिशवी उचलली आणि तशीच गेटकडे सुसाट!

"अगं, निकाल तरी ऐकून जा!" मी ओरडलो.

गेटमधून आवाज आला, "उद्या सांगा सर! बस सुटेल!"